चहाच्या घरातली एक कप कॉफी

आमच्याकडे सकाळी सहाला चहाचं आधण पडतं. सासूबाई, नवरा, मुलगी आणि कामाला येणाऱ्या मावशी, असे चार कप. पातेलं ठरलेलं, आलं ठेचलेलं, गाळणं हाताशी. पाचवी मी, आणि मला कॉफी लागते. पुष्कळ मराठी घरांत असंच असतं. चहा सगळ्या घराचा आणि कॉफी एका माणसाची. त्या एका माणसासाठी हा लेख आहे.

कॉफीचे चार कप करणाऱ्याला जे खपून जातं ते एक कप करणाऱ्याला खपत नाही. ६० ग्रॅम पूड घेताना २ ग्रॅम इकडेतिकडे झाली तर कळतही नाही. १५ ग्रॅममध्ये तेवढ्याच चुकीने चव पालटते. थोडं पाणी भरभर निवतं. आणि मोठ्या भांड्यात थोडी पूड घातली तर तिचा थर इतका पातळ पडतो की पाणी त्यातून न थांबता निघून जातं. हे शेवटचं मी दोन वर्षं सोसलं. माहेरून आलेला सहा कपी पितळी कॉफी फिल्टर होता. त्यात मी दोन चमचे पूड घालायची आणि खाली लालसर पाणी उतरायचं. मी पूड बदलली, दुकान बदललं, पुडीत मिसळतात ती चिकोरी वाढवली. दोष फक्त भांड्याच्या आकारात होता. दोन कपी स्टीलचा फिल्टर आणला त्या दिवशी तीच पूड काळीभोर उतरली.

तेव्हापासून कॉफीसाठी कोणतं साधन घेऊ असं कोणी विचारलं की मी नाव सांगण्याआधी दोन प्रश्न विचारते. दूध घालणार का? आणि सकाळी तुमच्याकडे वेळ कमी आहे की लक्ष कमी आहे? वेळ आणि लक्ष या वेगळ्या गोष्टी आहेत. फिल्टरला वीस मिनिटं लागतात, पण त्याच्याकडे बघावं लागत नाही. कागदी गाळणीला चारच मिनिटं लागतात, पण त्या चार मिनिटांत दुसरं काही करता येत नाही. डबा भरता भरता कॉफी करायची असेल तर हा फरक फार मोठा आहे.

पहिला आठवडा, काही विकत न घेता

साधन घेण्याआधी एक आठवडा घरातल्याच भांड्यांवर काढा. १०० ग्रॅम ताजी पूड आणा, चिकोरी नसलेली, आणि दुकानात दळून घेताना जाड रव्याइतकी जाडसर मागा. बाकी लागतं ते घरात असतंच: झाकणाचं स्टीलचं भांडं, बारीक जाळीचं गाळणं आणि मलमलीचं स्वच्छ फडकं. चक्का टांगायचं फडकं घेऊ नका, त्याचा आंबूस वास कॉफीला लागतो.

भांड्यात गरम पाणी फिरवून ओतून द्या, म्हणजे भांडं तापेल. १५ ग्रॅम पूड घाला. काटा नसेल तर टेबलस्पूनच्या मापाने सपाट तीन चमचे साधारण तेवढे होतात. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि २५० मिलिलिटर पाणी पुडीवर ओता. एकदा ढवळा, झाकण ठेवा, चार मिनिटं हात लावू नका. मग वर आलेला थर चमच्याने मोडा, चोथा खाली बसू द्या आणि फडकं घातलेल्या गाळण्यातून कपात गाळा. चहासारखं पुडीसकट उकळायचं मात्र नाही. उकळत ठेवलेल्या पुडीतून कडू आणि तुरट तेवढं उतरत राहतं आणि वास घरभर जातो, कपात राहत नाही.

तीन दिवस ही कॉफी कोरी प्या. साखर हवी तर घाला. पुढचे तीन दिवस निम्मं दूध घालून प्या. दूध घातल्यावर ती पाणचट लागेल, आणि ते मुद्दाम अनुभवायचं आहे. अशा कॉफीच्या शंभर भागांत कॉफीचा अंश जेमतेम सव्वा भाग असतो, बाकी पाणी. त्यात तेवढंच दूध ओतलं की उरतं ते कॉफीच्या वासाचं दूध. रविवारी स्वतःला विचारा, या दोन्हींतली कुठली रोज हवीशी वाटेल? कोरी असेल तर एक वाट, दुधाची असेल तर दुसरी. माझ्या पाहण्यात फसलेली बहुतेक खरेदी इथेच फसते. दुधाची कॉफी आवडणारा माणूस काचेची सुंदर गाळणी घेतो, पंधरा दिवस वापरतो आणि ती माळ्यावर जाते.

दूध घालणार असाल तर फिल्टर

दुधाच्या कॉफीला दाट अर्क लागतो. तो देणारं सगळ्यात स्वस्त, न मोडणारं आणि लक्ष न मागणारं साधन म्हणजे दक्षिणेतला फिल्टर. माटुंग्याच्या बाजारात तो सहज मिळतो आणि बाकी गावांत भांड्यांच्या दुकानात विचारला तर आणून देतात. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या बुडाला भोकं, आत दांड्याची चकती, वर झाकण. एकट्यासाठी सगळ्यात लहान, दोन कपी माप घ्या. स्टील की पितळ, याने चवीत मला फरक सापडला नाही. पितळ आतून कल्हई केलेलं हवं आणि ते बाहेरून घासल्यावर फार नीट धुवावं लागतं, म्हणून रोजच्याला स्टील बरं.

विकत घेताना वरचा डबा उजेडासमोर धरून भोकं बघा. ती बारीक आणि सारखी हवीत. भोकं मोठी असतील तर पूड खाली उतरते, आणि त्यावर काही उपाय नाही.

कृती अशी. वरच्या डब्यात १८ ग्रॅम पूड घाला, डबा हलवून सपाट करा. चकतीने हलकं दाबा, अंगठ्याने जोर देऊ नका. चकती आतच राहू द्या. उकळून थोडं बसलेलं पाणी आधी २० मिलिलिटर, म्हणजे पूड भिजेल एवढंच, चकतीवर ओता. अर्ध्या मिनिटाने आणखी ६० मिलिलिटर ओतून झाकण लावा आणि दुसऱ्या कामाला लागा. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे ८० मधलं पंचेचाळीसच खाली येईल. हे ठाऊक नसलं की पहिल्यांदा करणारा घाबरून आणखी पाणी ओतत बसतो आणि डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरलेला अर्क, पातळ होतं. वीस मिनिटांनी खाली जमलेलं पंचेचाळीस मिलिलिटर कपात घ्या आणि कडकडीत तापवलेलं ९० ते १०० मिलिलिटर दूध वरून घाला. डिकॉक्शन कधीही गॅसवर उकळू नका. निवलं असेल तर दूध जास्त तापवा, किंवा वाटी गरम पाण्यात ठेवा.

मी रात्री भांडी आवरली की फिल्टर लावते. सकाळी चहाचं दूध तापतंच, त्यातलंच माझ्या कपात येतं. एकूण हातचं काम दोन मिनिटांचं. रात्रभर राहिलेल्या डिकॉक्शनचा वास थोडा उतरतो हे खरं, पण सातची लोकल गाठायची असेल तर हा सौदा मला मान्य आहे. सुट्टीच्या दिवशी ताजं लावते.

पाणी अडून बसलं तर पूड फार बारीक आहे किंवा फार दाबली गेली आहे. वरचा डबा एकदा हलका ठोका, बहुधा सुटतं. भोकं महिन्या-दोन महिन्यांनी तेलकट पुडीने बुजतात. तेव्हा वरचा रिकामा, कोरडा डबा सांडशीत धरून बूड गॅसच्या ज्योतीवर क्षणभर तापवलं की अडकलेले कण जळून जातात. मग ब्रशने घासून धुवा. याउलट अर्क झरझर उतरून पातळ येत असेल तर पूड जाड आहे. या कामाला बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक दळण लागतं.

चिकोरीविषयी पुष्कळांच्या मनात अढी असते. ती एका मुळाची भाजून केलेली पूड आहे, आपल्याकडे गुजरातेत तिची शेती होते. तिच्यात कॅफीन नसतं. ती पाणी धरून ठेवते, म्हणून अर्क सावकाश, दाट आणि काळा उतरतो, आणि दुधातही चव टिकते. मिश्रणाच्या पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नका. ८०:२० पासून सुरुवात करा. ६०:४० मध्ये मला कॉफीपेक्षा करपलेल्या गुळाची चव जास्त येते, पण ज्यांची जीभ लहानपणापासून त्यावर वाढली त्यांना तीच खरी कॉफी वाटते, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. कोऱ्या कॉफीला मात्र चिकोरी नको.

मोका पॉट, आणि गॅसच्या शेगडीची अडचण

दुधाच्या वाटेवरचं दुसरं साधन इटलीचं. १९३३ मध्ये आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून आलेलं हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं तिथे घरोघरी असतं. खालच्या भागात पाणी, मधल्या गाळणीत पूड. खाली वाफ धरली की तिच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढतं आणि वरच्या भागात कॉफी जमते. फिल्टरपेक्षा जलद, चव जास्त कडक आणि भाजकी.

इथे "कप" या मापाने फसायला होतं. तो इटालियन कप आहे, दोन-तीन घोटांचा. एक कपी मोकात पन्नास-साठ मिलिलिटर पाणी मावतं. आपल्या कपभर दुधाच्या कॉफीला दोन कपी घ्या, त्यात साधारण १०० मिलिलिटर पाणी आणि १० ते १२ ग्रॅम पूड बसते. मोठा घेऊन अर्धा भरू असं म्हणू नका. मोका नेहमी पूर्ण भरूनच चालतो. अर्धा भरला की पाणी आणि पूड यांचं गणित बिघडतं आणि कॉफी करपट होते.

पाणी वेगळं तापवून खालच्या भागात घाला, बाजूच्या सुरक्षा झडपेच्या खालपर्यंतच. गाळणीत पूड काठोकाठ भरा, बोटाने सपाट करा, दाबू नका. भांडं गरम असतं, म्हणून फडक्यात धरून घट्ट फिरवा. लहान बर्नरवर सगळ्यात मंद आच, झाकण उघडं. दोन-तीन मिनिटांत मधासारखी गडद धार यायला लागेल. तिचा रंग फिकट पिवळा झाला आणि फुरफुर सुरू झाली की लगेच उतरवा आणि बूड नळाखाली धरा. तो आवाज संपेपर्यंत थांबलात तर उरलेली वाफ पुडीतून जाऊन सगळी कडू चव वर आणते. मोका बिघडण्याचं नव्वद टक्के कारण मला हे एवढंच दिसलं आहे.

आपल्या शेगडीवर याचं लहानसं बूड जाळीच्या चार दांड्यांवर टेकत नाही, कलंडतं. भांड्यांच्या दुकानात लहान पातेल्यांसाठी गोल जाळी मिळते, ती आधी आणा आणि मगच मोका आणा. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा मोका तापतच नाही. तिथे स्टीलचा, लोहचुंबक चिकटणारा घ्यावा लागतो. आणि तो चिंचेने, लिंबाने किंवा तारेच्या घासणीने घासायचा नाही. गरम पाणी, हात, फडकं, आणि पूर्ण कोरडा करून सुटा ठेवायचा.

कोरी पिणार असाल तर

कोऱ्या कॉफीत लपायला जागा नसते. पूड जुनी असेल, पाणी खराब असेल, सगळं कळतं. म्हणून इथे साधनापेक्षा पुडीवर पैसे घाला.

पहिल्या आठवड्यातली फडक्याची कॉफी आवडली असेल तर तिचंच सुधारलेलं रूप म्हणजे फ्रेंच प्रेस. एक माणूस असेल तर ३५० मिलिलिटरचा पुरतो. कृती तीच, १५ ग्रॅमला २५० मिलिलिटर आणि चार मिनिटं. फडक्याऐवजी जाळीचा दट्ट्या. दट्ट्या तळापर्यंत दाबू नका. वरचा थर मोडून चोथा बसू द्या, जाळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन थांबवा आणि हळूच ओता. शेवटचा घोट भांड्यातच राहू द्या, तो गाळाचा असतो. काचेचा नळाला लागून फुटतो, स्टीलचा घ्या. चोथा सिंकमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. मी तो वर्तमानपत्रावर वाळवून कुंड्यांच्या मातीत थोडा थोडा मिसळते.

जाळीतून कॉफीचं तेल कपात येतं, त्यामुळे घोट भरदार लागतो. पण त्याच तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद तो अडवतो. घरात कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल आणि रोज दोन-तीन कप पिण्याची सवय असेल तर फ्रेंच प्रेसऐवजी कागदी गाळणी निवडा.

कागदी गाळणीचा शोध स्वयंपाकघरातच लागला. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात १९०८ मध्ये मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद घेतला, भोकं पाडलेल्या भांड्यात ठेवला आणि त्यातून कॉफी गाळली. आज मिळणारे सगळे शंकू त्याच कल्पनेचे वारस आहेत. जपानच्या हारिओ कंपनीचा व्ही-६० त्यांत सगळ्यात प्रसिद्ध. त्याच्या नावातलं ६० म्हणजे शंकूचा कोन. प्लास्टिकचा घ्या. तो स्वस्त असतो, फुटत नाही आणि चिनीमातीसारखा पाण्याची उष्णता ओढून घेत नाही. एका कपाला हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

याला दळण बारीक रव्याइतकं. कागद शंकूत बसवून त्यावरून गरम पाणी सोडा. कागदाचा वास जातो आणि शंकू तापतो. खालच्या कपातलं ते पाणी टाकून द्या. काट्यावर कप, त्यावर शंकू, शंकूत १५ ग्रॅम पूड, आणि काटा शून्यावर. ४० ग्रॅम पाणी ओतून सगळी पूड भिजवा आणि पाऊण मिनिट थांबा. ताजी पूड इथे फुगून येते, बुडबुडे फुटतात. भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. काहीच फुगलं नाही तर पूड जुनी आहे, हे तेवढ्यात कळतं. मग मधून बाहेर सावकाश गोल फिरवत १५० ग्रॅमपर्यंत, आणि थोडं उतरल्यावर २४० पर्यंत. सगळं मिळून अडीच ते तीन मिनिटांत गाळून झालं पाहिजे. बदकाच्या मानेसारख्या नळीची किटली लागतेच असं नाही. बारीक चोचीच्या भांड्याने किंवा चहाच्या लहान किटलीने काम होतं, फक्त धार उंचावरून धो धो नको.

चव सुधारायची पद्धत सगळ्या साधनांना एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. घोट आंबट, उणा, लगेच संपणारा वाटला तर कॉफी पुरेशी उतरली नाही: दळण थोडं बारीक करा, किंवा पाणी जास्त गरम घ्या. जीभ सुकवणारी, तुरट-कडू वाटली तर जास्त उतरली: दळण जाडसर करा. चव बरोबर पण पातळ वाटली तर पूड दोन ग्रॅम वाढवा. हे तीन वाक्यांचं कोष्टक मी फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे.

एरोप्रेस हे साधन मुळातच एका कपासाठी घडवलेलं आहे. फ्रिसबीसारख्या उडत्या चकत्या बनवणारे कॅलिफोर्नियातले अभियंते ॲलन ॲडलर यांनी २००५ मध्ये ते बाजारात आणलं. इंजेक्शनच्या जाड सिरिंजसारखी नळी आणि दट्ट्या, खाली कागदाची चकती. पूड दोन मिनिटं भिजवायची आणि दाबून कपात उतरवायची. १५ ग्रॅम आणि २०० मिलिलिटर घेतलं तर कोरी कॉफी. १८ ग्रॅम आणि ९० मिलिलिटर घेतलं तर दूध पेलणारा अर्क. दोन्ही वाटांवर चालणारं माझ्या माहितीतलं हे एकच लहान साधन. पुडीची वडी एका दाबात बाहेर पडते आणि धुणं दहा सेकंदांत होतं. वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत, कंपनीच्या गेस्ट हाऊसवर राहणाऱ्याने डोळे मिटून हे घ्यावं. किंमत मात्र काही हजारांत जाते, तर लहान फिल्टर काही शे रुपयांत येतो.

यंत्रं, आणि इन्स्टंट

कॅप्सूलच्या, म्हणजे एका कपाची पूड भरलेल्या बंद कुपीच्या यंत्रात लक्षही लागत नाही आणि वेळही लागत नाही. नेस्प्रेसोने १९८६ मध्ये ही पद्धत बाजारात आणली तेव्हापासून तिचा हाच गुण आहे. घेण्याआधी एक भागाकार करा. एका कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅम कॉफी असते; कॅप्सूलच्या किमतीला त्याने भागा, आणि तुमच्या २५० ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीला २५० ने. दोन आकडे शेजारी लिहिले की निर्णय सोपा होतो. २५० ग्रॅममध्ये १५ ग्रॅमचे सोळा कप निघतात, हेही लक्षात ठेवा. शिवाय तुमच्या यंत्रात बसणारी कॅप्सूल तुमच्या गावात कायम मिळेल का, याची खात्री करा. एस्प्रेसो यंत्राबद्दल इथे लिहीत नाही. त्याला त्याच्याइतकंच चांगलं दळणयंत्र लागतं आणि दिवसाला एका कपासाठी तो खर्च आणि ती जागा मला पटत नाही.

इन्स्टंटला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. आठवड्यातून एखाद्या वेळीच कॉफी पिणार असाल तर तीच योग्य आहे, कारण दळलेली पूड तेवढ्यात शिळी होते आणि इन्स्टंट होत नाही. बाटलीवरची चिकोरीची टक्केवारी तेवढी वाचा. आणि आपल्याकडची जायफळ घातलेली, दुधात साखरेबरोबर उकळी काढलेली कॉफी इन्स्टंटवर छान होते. तिच्यात मुख्य चव दूध आणि जायफळाची आहे. अरेबिका जातीची उत्तम कॉफी त्यात वाया जाते. जायफळ आयत्या वेळी सहाणेवर दोन वळसे उगाळून घाला, पूड करून ठेवलेलं नको.

पूड, दळण, पाणी

पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. मी तीन-चार आठवड्यांच्या आतली घेते आणि एका वेळी १०० ते २५० ग्रॅमच घेते. दळलेली असेल तर पंधरा दिवसांत संपवते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर उघड्या डब्यातली पूड चार दिवसांत मऊ पडते. घट्ट झाकणाचा लहान डबा, गॅसपासून दूर. फ्रिजमध्ये ठेवून रोज काढू नका, प्रत्येक वेळी थंड पुडीवर दमट हवेचं पाणी धरतं.

आपल्या देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकात, चिक्कमगळूर आणि कोडगू भागात होते. केरळ आणि तमिळनाडू त्यामागे. आपल्याकडे चिखलदऱ्याच्या थंड हवेत कॉफीची झाडं आहेत, मेळघाटात गेलात तर ती जरूर बघा. कोऱ्या कॉफीला मध्यम भाजलेली अरेबिका घ्या. दुधाच्या कॉफीला रोबस्टा ही दुसरी जात थोडी मिसळलेली चांगली, ती कडक असते. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, हे मात्र ध्यानात असू द्या. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं आणि गरोदरपणी २०० च्या आत, असं सांगितलं जातं. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून माझा शेवटचा कप दुपारी तीनचा.

घरी दळायचं असेल तर सुरुवातीला मिक्सरचं चटणीचं भांडं चालतं, पण ते मसाल्याचं नको. धण्या-जिऱ्याचा वास काही केल्या जात नाही. दोन दोन सेकंद फिरवा, मध्ये भांडं हलवा, सलग फिरवू नका. मैद्याच्या चाळणीने अगदी पिठूळ भाग काढला तर फ्रेंच प्रेसची कॉफी स्वच्छ होते. कॉफी अंगवळणी पडली, सहा महिने झाले, की मग हाताने फिरवायचं सिरॅमिकच्या किंवा पोलादी पात्यांचं दळणयंत्र घ्या. तोवर पैसे अचूक काट्यात घाला. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा काटा पुरतो, आणि तो कणीक-मैद्यालाही उपयोगी पडतो.

पाण्याचा विचार बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात, मीही तसाच केला. कॉफीसाठी पाण्यातले क्षार लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असलेले चांगले. आरओचं पाणी बरेचदा याच्या फार खाली असतं आणि कॉफी बेचव, सपाट लागते. बोअरचं फार वर असतं आणि चव दबते. आरओची सर्व्हिस करायला येणाऱ्या माणसाकडे हे क्षार मोजणारा टीडीएस मीटर असतो, त्याला आकडा विचारा. फार कमी असेल तर उकळून गाळलेलं नळाचं पाणी थोडं मिसळून बघा. उकळीचंही गावागावात वेगळं असतं. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणून अर्धा मिनिट थांबायचं. सुमारे १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात ते पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. तिथे थांबू नका, उकळतं पाणीच ओता.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कॉफीचा वास घरात फिरायला लागला की महिन्याभरात कोणीतरी "मला अर्धा कप" म्हणतंच. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या. तेव्हा दोन कपी फिल्टरमध्ये पूड कोंबून भरू नका, चकती बसत नाही आणि पाणी अडतं. फडक्याची पद्धत असेल तर सगळं दुप्पट करा, वेळ तोच. फिल्टर असेल तर चार कपी आणा आणि त्यात कधीही ३० ग्रॅमपेक्षा कमी पूड घालू नका. माझा माहेरचा सहा कपी पितळी आता दिवाळीत पाहुणे आले की निघतो, आणि पूर्ण भरला की फार सुंदर डिकॉक्शन देतो.